खोक्यातले विमान

(प्रवासी विमानाची लहान प्रतिकृती कशी तयार करावी, हे या पाठात सांगितले आहे. ती तयार करता करता एका प्रसिद्ध विमानाची कथाही आपल्याला समजते. कोणतेही काम घाई न करता, नीट समजून करावे आणि झालेली चूक लपवू नये, हा या पाठाचा सारांश आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आकाशातून विमान जाऊ लागले, की तुमची मान आपोआप वर होते ना? आवाज ऐकू येतो, चकाकणारा ठिपका दिसतो आणि पाहता पाहता तो नाहीसा होतो. त्या ठिपक्याला पंख कसे जोडले असतील? खिडक्या कशा बसवल्या असतील? चाके कोठे लपवली असतील? जमिनीवर उभे राहून हे काही कळत नाही. विमान हातात घेऊन, उलटेसुलटे करून पाहता आले तर किती बरे होईल!

हे अगदी अशक्य नाही. खरे विमान हातात मावणार नाही, पण त्याची प्रतिकृती मावते. प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूसारखी हुबेहूब दिसणारी लहान वस्तू. तिलाच आपण 'नमुना' म्हणतो. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे.

असे नमुने तयार करण्याचे संच मिळतात. एका खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात. ते कापायचे, जोडायचे आणि रंगवायचे. आज आपण असाच एक जुना संच उघडणार आहोत. तो आहे 'कॉमेट ४बी' या ब्रिटिश प्रवासी विमानाचा. 'एअरफिक्स' या ब्रिटिश कंपनीने तो १९६० च्या आसपास बाजारात आणला.

या कंपनीची हकीकतही गमतीची आहे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ मध्ये लंडनला ती सुरू केली. आधी तेथे हवा भरायची रबरी खेळणी तयार होत. पुढे प्लॅस्टिकचे कंगवे तयार होऊ लागले. १९४९ मध्ये एका ट्रॅक्टर कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरचा छोटा नमुना करून मागितला. तेथून कंपनीला नवी वाट सापडली. पुढे तिने एका जुन्या जहाजाच्या नमुन्याचे सुटे भाग पिशवीत भरून दोन शिलिंगांना विकायला ठेवले. नंतर पहिले विमान आले. खाऊच्या पैशांतून मुले हे संच विकत घेऊ लागली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून विमाने जोडणे हा तेथील घराघरांतला छंद झाला.

आता खोक्यावर पाहा. तेथे १ : १४४ असे आकडे आहेत. याला प्रमाण म्हणतात. भूगोलाच्या नकाशावरही तुम्ही प्रमाण पाहिले आहे. येथे त्याचा अर्थ असा, की मूळ विमानाचे १४४ सेंटिमीटर म्हणजे नमुन्याचा १ सेंटिमीटर. कॉमेट ४बी विमानाची लांबी सुमारे ३६ मीटर होती. ३६ मीटर म्हणजे ३६०० सेंटिमीटर. ३६०० ला १४४ ने भागा. उत्तर येते २५. म्हणून आपला नमुना २५ सेंटिमीटर लांब होईल. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ३३ मीटर होते. नमुन्यात ते सुमारे २३ सेंटिमीटर भरेल.

पण १४४ हाच आकडा का? १०० किंवा १५० का नाही? त्या काळी इंग्लंडमध्ये लांबी फूट आणि इंच यांत मोजत. एका फुटाचे १२ इंच होतात. बारा बारे एकशे चव्वेचाळीस! म्हणून या नमुन्यातला १ इंच म्हणजे खऱ्या विमानाचे १२ फूट. या प्रमाणात आपल्यासारखा माणूस जेमतेम सव्वा सेंटिमीटर उंच दिसेल. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. नमुना जोडताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर ती खऱ्या विमानात चौदा सेंटिमीटरांहून मोठी चूक ठरेल. म्हणूनच हे काम सावकाश करायचे असते.

खोके उघडण्यापूर्वी सामान जमवू या. नखे कापण्याचे नेलकटर, बारीक पॉलिश पेपर, छोटा चिमटा, कपड्यांना लावायचे दोन-चार चिमटे, रबर बँड, चिकटपट्टी, बारीक व मध्यम कुंचले, रंग आणि एक जुने वर्तमानपत्र एवढे पुरे. जोडण्यासाठी मात्र प्लॅस्टिकचे खास सिमेंट लागते. आपला नेहमीचा डिंक येथे कामाचा नाही. डिंक दोन तुकड्यांच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवतो. हे सिमेंट प्लॅस्टिकला किंचित विरघळवते. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. या सिमेंटचा वास उग्र असतो आणि ते लवकर पेट घेते. म्हणून खिडकी उघडी ठेवा, जवळ दिवा किंवा शेगडी नको. भाईजान, आपा किंवा घरातले कोणी मोठे माणूस शेजारी असू द्या.

आता झाकण काढू या. आत प्लॅस्टिकच्या चौकटी दिसतील. झाडाच्या फांदीला पाने लागावीत, तसे विमानाचे भाग या चौकटींना लागलेले असतात. प्रत्येक भागाला एक क्रमांक असतो. सोबत एक कागद असतो. कोणता भाग कोठे आणि केव्हा जोडायचा, हे त्यावर चित्रांनी दाखवलेले असते. पहिल्या दिवशी फक्त हा कागद वाचा. भाग हातात घेऊन ओळखा. विमानाचे धड दोन भागांत असते, डावा आणि उजवा. पंख वरच्या व खालच्या भागांचे असतात. शेपटीचे भाग, चाके आणि बारीकसारीक तुकडे वेगळे असतात. एखादा भाग हरवला, तर जुन्या संचाचा तो भाग पुन्हा मिळणे कठीण. म्हणून सुटे तुकडे एका वाटीत ठेवा.

काही लोक असे जुने संच उघडतच नाहीत. ते कपाटात तसेच जपून ठेवतात. त्यांचाही तो छंद आहे. पण हा संच मुलांनी जोडावा म्हणून तयार झाला होता. बंद खोक्यातले विमान कोणाला काही शिकवत नाही.

भाग कापण्यापूर्वी चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घ्या. साच्यातून काढताना प्लॅस्टिकवर तेलकटपणा राहिलेला असतो. तो गेला नाही, तर रंग धरत नाही. इतक्या वर्षांत एखादा भाग वाकडा झाला असेल, तर तो थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून हळूच सरळ करा. पाणी उकळते मात्र नको.

आता कापण्याचे काम. येथे नवशिके एक चूक हमखास करतात. ते तुकडा बोटांनी धरतात आणि इकडून तिकडे वाकवून मोडून काढतात. तुम्ही तसे करू नका. नेलकटरने चौकटीपासून थोडे अंतर राखून कापा आणि उरलेले टोक पॉलिश पेपरने घासा. मोडून काढण्यात काय वाईट आहे, हे पाहायचे असेल, तर चौकटीचा एक रिकामा तुकडा घ्या. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. त्या जागी प्लॅस्टिक पांढरे पडेल. आणखी काही वेळा वाकवा. तो तेथेच तुटेल. तुम्ही पहिल्या वेळेपेक्षा जास्त जोर लावला नव्हता, तरीही तो तुटला. ही पांढरी रेघ लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

जुन्या संचांत भागांच्या कडेला कधी कधी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आलेला असतो. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत, की असे होते. तोही घासून काढा. नंतर सिमेंट न लावता धडाचे दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून पाहा. कोठे फट राहते, कोठे कड वर येते, ते आधीच कळते. याला कोरडी जुळणी म्हणा. शिंपीदादा शिलाई मारण्यापूर्वी कच्चा टाका घालतात, तसेच हे आहे.

धड बंद करण्यापूर्वी दोन गोष्टी विसरू नका. पहिली गोष्ट वजनाची. या विमानाला पुढे एक आणि पंखांखाली दोन अशा तीन ठिकाणी चाके आहेत. नमुन्याचा मागचा भाग जड झाला, तर नाक वर होऊन विमान शेपटीवर बसते. म्हणून नाकाच्या पोकळीत दोन-तीन छोटे लोखंडी नट मेणमातीने पक्के बसवा. दुसरी गोष्ट खिडक्यांची. काही संचांत खिडक्यांच्या जागी छिद्रे असतात आणि आतून पारदर्शक पट्टी लावावी लागते. काही संचांत खिडक्या रंगाने किंवा चिकटचित्रांनी दाखवतात. कसेही असो, येथे थोडे थांबा आणि खिडक्यांकडे नीट पाहा. त्यांचे कोपरे गोल आहेत. कॉमेटच्या पहिल्या विमानांत खिडक्या अशा नव्हत्या. त्या बऱ्याच चौकोनी होत्या. मग हा बदल का झाला? ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पूर्वीच्या प्रवासी विमानांना पुढे फिरणारे पंखे असत. इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीने जेट इंजिनांवर चालणारे पहिले प्रवासी विमान तयार केले. तेच कॉमेट. २७ जुलै १९४९ रोजी ते प्रथम उडाले. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन ते निघाले. जेट विमानाची जगातली ती पहिली नियमित प्रवासी सेवा होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉमेट लंडन ते कोलंबो या मार्गावर येऊ लागले. वाटेत ते कराचीला आणि आपल्या मुंबईलाही उतरत असे. ते वेगाने जाई आणि फार उंचावरून, दहा-बारा किलोमीटरांवरून उडे. चार इंजिने पंखांच्या मुळाशी, आतच बसवलेली असल्यामुळे ते दिसायलाही फार सुबक होते. नमुन्याचे पंख हातात घेतले, की इंजिनांची ती तोंडे तुम्हांला दिसतीलच.

पण पुढे वाईट दिवस आले. २ मे १९५३ रोजी, पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून कोसळले. त्यातील ४३ जण मरण पावले. वादळामुळे विमान मोडले, असे चौकशीत ठरले. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले. ३५ जण दगावले. पहिली प्रवासी सेवा ज्या विमानाने केली होती, तेच हे विमान. कॉमेटची उड्डाणे थांबवली गेली. विमानांत काही सुधारणा करून ती पुन्हा सुरू झाली, तर ८ एप्रिल १९५४ रोजी आणखी एक कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. त्यातील २१ जण मरण पावले. शेवटच्या दोन्ही वेळी वादळ नव्हते. विमाने हवेतच फुटली होती. कारण कोणालाच कळेना.

आता उड्डाणे बंद झाली आणि शोध सुरू झाला. ब्रिटिश नौदलाने एल्बाजवळच्या समुद्राच्या तळातून विमानाचे तुकडे वर काढले. फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत ते नेले. तेथे लाकडी सांगाड्यावर एकेक तुकडा त्याच्या जागी बसवून विमान पुन्हा उभे करण्यात आले. आपण आज जे हौसेने करतो आहोत, तेच काम त्या लोकांनी जड मनाने केले. सर आर्नल्ड हॉल हे त्या संस्थेचे प्रमुख होते.

मित्रांनो, या शोधात लहान नमुन्यांचाही उपयोग झाला. कॉमेटचे छोटे नमुने हवेत सोडून त्यांचे तुकडे कसे विखुरतात, ते शास्त्रज्ञांनी पाहिले. विमानातल्या खोलीचा एक पारदर्शक नमुनाही करण्यात आला. त्यात इवल्या खुर्च्या आणि इवली माणसे बसवली. मग आत हवेचा दाब वाढवून तो फोडला. विमान फुटले तेव्हा आतील माणसांचे काय झाले असेल, हे त्यावरून समजले. नमुना म्हणजे केवळ खेळणे, असे जे समजतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र खऱ्या विमानावर झाली. एका कॉमेटचे धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले. पंख टाकीबाहेर राहिले. धडात पाणी भरून आतला दाब वाढवायचा, मग कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. पंखही यंत्रांनी वाकवायचे. एकदा दाब वाढला आणि कमी झाला, की एक उड्डाण झाले, असे समजायचे. हवेऐवजी पाणी घेतले, कारण हवा भरलेले धड बॉम्बसारखे फुटले असते आणि सुरुवात कोठे झाली, हे कळले नसते. पाण्यात ते फक्त फाटते आणि फाटलेली जागा तशीच दिसते.

दाबाची ही गरज का, तेही समजून घ्या. खूप उंचावर हवा विरळ असते. तेथे माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. कॉमेट उंचावर गेले, की आतली हवा त्याच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाच टनांहून अधिक जोराने बाहेर ढकलत असे. खाली उतरताना हा जोर नाहीसा होई. प्रत्येक उड्डाणात विमानाचे पातळ पत्र्याचे धड थोडेसे फुगे आणि परत बसे.

जून १९५४ मध्ये टाकीतले धड फाटले. त्या विमानाची खरी उड्डाणे आणि टाकीतली उड्डाणे मिळून सुमारे ३,००० झाली होती. तडा एका चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्यापासून सुरू झाला होता. एल्बाजवळ बुडालेल्या विमानाची उड्डाणे तर सुमारे १,३०० च होती. त्याच्या छतावरील चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्याशीही तसाच तडा सापडला. रोग सापडला होता. ताण एकदम आला म्हणून धातू तुटला नव्हता. लहानच ताण पुन्हा पुन्हा आला, म्हणून तो तुटला होता. याला 'धातूचा थकवा' म्हणतात.

आता ती पांढरी रेघ आठवा! तुमच्या हातातला प्लॅस्टिकचा तुकडा असाच तुटला होता. प्लॅस्टिक आणि धातू यांत फरक आहे, पण पुन्हा पुन्हा वाकवल्याने तुटण्याची गोष्ट दोघांनाही लागू पडते.

कोपऱ्याचे काय? तेही करून पाहा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन सारख्या पट्ट्या कापा. एका पट्टीच्या मध्यभागी ब्लेडने बारीक चीर द्या. हे काम मोठ्यांकडून करवून घ्या. दुसऱ्या पट्टीला कागद टोचायच्या पंचने गोल भोक पाडा. दोन्ही पट्ट्या ताणा. चीर असलेली पट्टी चटकन फाटेल. गोल भोकाची पट्टी बराच वेळ तग धरेल. तीक्ष्ण टोकापाशी सारा ताण एकवटतो, गोल कडेवर तो वाटला जातो. म्हणूनच पुढच्या कॉमेटना गोलसर खिडक्या आणि जाड पत्रा आला. आजही प्रवासी विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात. पुढे कधी विमान जवळून पाहाल, तेव्हा खिडकीवरून बोट फिरवून पाहा.

सुधारलेले कॉमेट ४ हे विमान ४ ऑक्टोबर १९५८ रोजी प्रवासी घेऊन अटलांटिक महासागरापलीकडे गेले. जेट विमानांची त्या मार्गावरील ती पहिली सेवा होती. जवळच्या प्रवासासाठी त्याचाच लांब धडाचा आणि आखूड पंखांचा प्रकार निघाला. तोच आपला कॉमेट ४बी. ब्रिटनच्या 'बीईए' कंपनीने तो १९६० पासून युरोपात वापरला.

चला, कामाला लागू. खिडक्या झाल्या, वजन बसवले, आता धड बंद करा. सिमेंट थोडेच लावा. जास्त लावले, तर प्लॅस्टिक वितळून आकार बिघडतो. कडा जुळवून रबर बँड बांधा आणि रात्रभर हात लावू नका. पंखांनाही कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. पंख धडाला जोडताना समोरून पाहा. दोन्ही टोके टेबलापासून सारख्याच उंचीवर हवीत. खाली पुस्तके ठेवून त्यांना आधार द्या. चित्रे पाहताना एक काळजी घ्या. कॉमेट ४ आणि ४सी यांच्या पंखांवर पुढे आलेल्या जास्तीच्या तेलटाक्या असतात. ४बी ला त्या नाहीत. दुसऱ्याच कॉमेटचे चित्र पाहून नमुन्यात दोष काढत बसू नका.

जोड वाळल्यावर बारीक फटी दिसतील. जुन्या संचात त्या असणारच. रंग लावला की झाकल्या जातील, असे मनाला समजावू नका. रंगाने फट झाकली जात नाही, उलट ती उठून दिसते. फटीत प्लॅस्टिकची लांबी भरा, वाळू द्या आणि ओल्या पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवल्यावर जोड लागला नाही, म्हणजे काम झाले.

मग रंग. धडाचा वरचा भाग पांढरा, खिडक्यांवरून जाणारा काळा पट्टा, पोट चंदेरी आणि पंख लालभडक. 'बीईए' च्या विमानांचा त्या काळी असा थाट होता. पांढरा रंग एका जाड थरात देऊ नका. पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून चिकटपट्टी लावून रंगवा.

सर्वांत शेवटी चिकटचित्रे. लाल चौकोनातली पांढरी अक्षरे, विमानाचा क्रमांक, सारे त्यांत असते. जुन्या संचातली चिकटचित्रे बहुधा पिवळी पडलेली असतात. तो कागद काही दिवस उन्हाच्या खिडकीच्या काचेला लावून ठेवा. पिवळेपणा बराच कमी होतो. ती ठिसूळ झाली असतील, तर पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होतात. म्हणून आधी त्यांवर पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्या. प्रत्येक चित्र वेगळे कापा, थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा आणि कागदावरून अलगद सरकवत जागेवर न्या. कोरड्या फडक्याने दाबून पाणी टिपा. श्वास रोखून करण्याचे हे काम आहे.

झाले! दोन-तीन आठवड्यांनी एक सुबक विमान तुमच्या टेबलावर उभे राहील. तुमच्या पहिल्या नमुन्यात दोष राहतीलच. कोठे रंग पसरला असेल, कोठे सिमेंटचा डाग पडला असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वहीत लिहून ठेवा, की ही चूक कशामुळे झाली. दुसऱ्या नमुन्यात ती होणार नाही.

कॉमेट आता उडत नाही. एका कॉमेटचे शेवटचे उड्डाण १९९७ मध्ये झाले. खरे कॉमेट ४बी इंग्लंडमध्ये रॉटन येथे, विज्ञान संग्रहालयाच्या ठेव्यात जपून ठेवले आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात समुद्रातून काढलेला पत्र्याचा एक तुकडाही आहे. तो पाहायला लोक थांबतात. अखंड विमान जितके बोलते, तितकाच तो फाटका पत्राही बोलतो. माणसांनी आपली चूक झाकून ठेवली नाही, तिचा तळ गाठला, जगाला सांगितली. म्हणून आज तुमच्या डोक्यावरून जाणारा तो ठिपका सुखरूप जातो.

पुढच्या वेळी विमान दिसले, की मान वर कराच. पण आता तुम्हांला ठाऊक असेल, की त्या ठिपक्याला गोल कोपऱ्यांच्या खिडक्या आहेत आणि त्या तशा का आहेत.

शब्दार्थ
प्रतिकृती – हुबेहूब नमुना
हमखास – नक्की, बहुतेक वेळा
पापुद्रा – पातळ थर
सुबक – सुंदर, नीटस
दगावणे – मरण पावणे
विरळ – दाट नसलेला
झरोका – लहान खिडकी
तडा – भेग
तग धरणे – टिकून राहणे
ठिसूळ – सहज तुटणारा
तळ गाठणे – मुळापर्यंत जाणे

स्वाध्याय
१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १ : १४४ या प्रमाणाचा अर्थ काय?
(आ) नमुन्याच्या नाकात वजन का ठेवतात?
(इ) परीक्षेसाठी विमानाच्या धडात हवेऐवजी पाणी का भरले?
२. 'धातूचा थकवा' म्हणजे काय, ते पाठातील प्रयोगाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत सांगा.
३. वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, तळ गाठणे, लक्षात ठेवणे.
४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.
५. उपक्रम : तुमच्या वर्गाची लांबी व रुंदी मोजा. १ : १४४ या प्रमाणात वर्ग केवढा होईल, ते काढून जाड कागदाचा नमुना तयार करा.